टॉवेलच्या घडीखालचा हरभरा

प्रश्न : मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. वय ४३. आमच्या महिला बचत गटात बावीस जणी आहेत. बहुतेक जणी घरी विड्या वळतात, चौघी टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करतात. गेल्या वर्षी माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या छातीत गाठ निघाली. ती दुखत नव्हती आणि घरात त्यांच्या मुलीचे लग्न होते, म्हणून त्यांनी सात महिने कोणाला सांगितले नाही. आता उपचार चालू आहेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गटातल्या बायकांना स्वतःची छाती स्वतः कशी तपासावी हे शिकवायचे मी ठरवले आणि मोबाइलवर पाहून तयारीही केली. पण ओळखीच्या एका डॉक्टरांनी ‘याचा उपयोग होत नाही, हे सिद्ध झाले आहे’ असे सांगितले. सासूबाई म्हणतात, ‘नसलेले दुखणे कशाला शोधायचे?’ मी शिकवावे की नाही? शिकवायचे तर कसे? ता. क. पाळीच्या आधी मलाही डावीकडे काखेच्या बाजूला गुठळ्यांसारखे लागते. ते काही असेल का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार ताई,

तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर ता. क.मध्ये आहे, म्हणून सुरुवात तिथून करते. पाळीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत स्तन जड होणे, हुळहुळणे आणि विशेषतः काखेकडच्या वरच्या भागात भरड रव्यासारखे किंवा गुठळ्यांसारखे लागणे ही पुष्कळ स्त्रियांची नेहमीची स्थिती असते, आणि पाळी येऊन गेली की ती ओसरते. पाळी सुरू झाल्याच्या दिवसापासून मोजून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान पुन्हा हात लावून पाहा. तेव्हा ते गेलेले असेल तर काळजीचे कारण बहुधा नाही. त्या दिवसांतही एखादी वेगळी गाठ बोटाला लागत असेल, किंवा उजव्या बाजूला नसलेली जाडी डावीकडे तशीच असेल, तर पुढच्या पाळीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा. आणि काहीच लागले नाही तरी तुमचे वय ४३ असल्यामुळे एकदा जाणत्या हाताकडून तपासणी करून घ्या. जाऊबाईंशी तुमचे रक्ताचे नाते नाही, त्यामुळे त्यांच्या आजाराने तुमचा धोका वाढत नाही. तो वाढतो त्यांच्या सख्ख्या बहिणींचा आणि नुकतेच लग्न झालेल्या तुमच्या पुतणीचा. तिला हे हळुवारपणे पण स्पष्ट सांगायला हवे. आईला ज्या वयात आजार झाला त्याच्या साधारण दहा वर्षे आधीपासून मुलीने डॉक्टरांच्या सल्ल्याने तपासण्या सुरू कराव्यात, असे आम्ही डॉक्टर सांगतो.

आता तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांचे म्हणणे. त्यांनी ते हवेत उडवलेले नाही, आणि ज्या स्त्रियांमुळे ते सिद्ध झाले त्या तुमच्या-माझ्या गावासारख्याच कापडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या होत्या. चीनमधील शांघाय शहरातल्या ५१९ कापड कारखान्यांमधील २,६६,०६४ स्त्री कामगारांचे १९८९पासून दोन गट करण्यात आले. एका गटाला स्वतःचे स्तन तपासण्याचे शिक्षण दिले, वारंवार उजळणी करून घेतली, तर दुसऱ्या गटाला ते दिले नाही. दहा-अकरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २००२मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा स्तनांच्या कर्करोगाने झालेले मृत्यू शिकवलेल्या गटात १३५ आणि न शिकवलेल्या गटात १३१ होते, म्हणजे फरक नव्हताच. उलट शिकवलेल्या गटात साध्या, निरुपद्रवी गाठी कितीतरी अधिक सापडल्या आणि त्यांपायी त्या बायकांच्या वाट्याला सुया, टाके आणि चिंता आली. तेव्हापासून ‘दर महिन्याला अमुक तारखेला अमुक पद्धतीने तपासलेच पाहिजे, म्हणजे जीव वाचेल’ असे आश्वासन कोणी जबाबदार डॉक्टर देत नाही, आणि तुम्हीही हळदीकुंकवात ते देऊ नये.

मग शिकवूच नये का? माझे मत असे आहे की जरूर शिकवावे, पण चित्रफितीत दाखवतात ती गोष्ट नव्हे. ज्यांना आपल्या छातीत काय बदलते आहे हे आधीच थोडेफार कळत होते आणि कळल्यावर जिथे जायचे ते ठिकाण ज्यांना ठाऊक होते, अशा स्त्रियांना मासिक कवायतीने विशेष काही मिळाले नाही, असा मी त्या निष्कर्षाचा अर्थ लावते. आपली अडचण वेगळी आहे. तुमच्या जाऊबाईंना गाठ सापडली नव्हती असे नाही. ती पहिल्याच दिवशी सापडली होती. सात महिने गेले ते गाठ आणि दवाखाना यांच्यामधल्या रस्त्यावर. तीस वर्षांच्या माझ्या व्यवसायात उशिरा आलेल्या बहुतेक बायकांची कहाणी अशीच होती. हाताला लागलेले होते, पण दुखत नव्हते, घरात कार्य होते, विड्यांचा हजार पुरा करायचा होता, आणि पुरुष डॉक्टरासमोर पदर बाजूला करायचा कसा, हाही प्रश्न होता.

हा रस्ता बोलण्याने कमी होतो, याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. बार्शीला १९८७मध्ये ग्रामीण भागातील कर्करोगाची नोंद ठेवणारी देशातली पहिली यंत्रणा सुरू झाली. तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरून नोंदींबरोबर लोकांना आजाराची लक्षणे सांगत असत. कोणतेही यंत्र न आणता, केवळ या प्रबोधनामुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या, हे १९९५मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. तो आजार वेगळा होता हे खरे, पण बाईचा संकोच तोच होता.

दुसरा आधार मुंबईचा. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८पासून तिथल्या वस्त्यांमधील ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. २०२१मध्ये आलेल्या निष्कर्षांत ५० वर्षांवरील स्त्रियांमधले मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झालेले आढळले. त्याहून लहान वयात तसा लाभ दिसला नाही. म्हणजे जाणता हात, तोही ठरावीक काळाने, उपयोगी पडतो. तुमचे काम त्या जाणत्या हातापर्यंत बावीस जणींना नेण्याचे आहे, स्वतःच तो हात होण्याचे नाही. म्हणून एक पथ्य आत्ताच सांगते. गटातील कोणाचीही छाती तुम्ही तपासायची नाही. एखादीने आग्रहाने ‘इथे बघ गं जरा’ म्हटले तरी नाही, आणि ‘काही नाही, चरबीची गाठ असेल’ असे तर चुकूनही म्हणायचे नाही.

शिकवण्यासाठी महागड्या रबरी प्रतिकृतीची गरज नाही. सोलापुरात ज्याची कमतरता नाही अशी वस्तू घ्या, एक जाड टॉवेल. त्याची चार-पाच पदरी घडी घाला आणि सगळ्यात वरच्या पदराखाली एक हरभरा, मधल्या पदराखाली एक शेंगदाणा आणि सगळ्यात खाली एक सुपारी ठेवा. मग एकेकीला डोळे मिटून शोधायला सांगा. पहिल्यांदा सगळ्या जणी चिमटीत धरून पाहतील. चिमटीत धरले की टॉवेलही गाठीसारखा लागतो आणि स्तनही, त्यामुळे निम्मी भीती चिमटीमुळेच निर्माण होते. नंतर त्यांना मधली तीन बोटे जुळवून, टोकांनी नव्हे तर बोटांच्या पेरांच्या मऊ भागाने, रुपयाच्या नाण्याएवढे गोल फिरवत जायला सांगा. आधी अगदी हलके, मग थोडे दाबून, मग तळाची फरशी लागेपर्यंत. वरचा हरभरा हलक्या हाताला लागेल, शेंगदाण्याला मधला दाब लागेल आणि सुपारी खोल दाबल्याशिवाय सापडणार नाही. एकाच जागी तीन दाब का द्यायचे, हे सांगण्यासाठी मग वेगळ्या भाषणाची गरज उरत नाही. तेंदूच्या पानाची जाडी-पातळी नुसत्या स्पर्शाने ओळखणाऱ्या या बायका आहेत. त्यांची बोटे माझ्यापेक्षा कमी हुशार नाहीत, हे त्यांना कोणीतरी एकदा सांगायला हवे.

टॉवेलचा आणखी एक फायदा मला फार आवडतो. त्याचा पोत सगळीकडे दाणेदार असतो, आणि बऱ्याच तरुण स्त्रियांचा स्तन आतून तसाच लागतो. त्या दाणेदारपणाची हाताला ओळख झाली की त्यात नसलेली गोष्ट वेगळी कळते. बायकांनी घरी नेऊन ठेवायची ती ही ओळख. शेवटी तळाच्या पदराखाली ज्वारीचा एक दाणा ठेवा. तो बहुधा कोणालाच सापडणार नाही, आणि तो न सापडणेच शिकवायचे आहे. हाताला काही लागले नाही म्हणजे आत काही नाही, असे नसते. एवढ्या लहान गाठी मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनांच्या क्ष-किरण तपासणीत, दिसू शकतात, बोटाला लागत नाहीत. म्हणून स्वतः तपासून ‘सगळे ठीक आहे’ म्हणणाऱ्या बाईनेही डॉक्टरांची तपासणी टाळायची नाही.

प्रत्यक्ष पाहण्याची रीत घराच्या सोयीप्रमाणे सांगा. एका खोलीत सहा माणसे राहतात तिथे पलंगावर निवांत आडवे होऊन तपासा, हा सल्ला पुस्तकातच शोभतो. अशा बाईसाठी न्हाणीची दहा मिनिटे हाच तिचा एकांत. साबणाच्या हाताने बोटे सहज सरकतात, एक हात डोक्यामागे घेतला की स्तन पसरतो, आणि दुसऱ्या हाताने गळ्याच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत आणि काखेच्या मधल्या रेषेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत उभ्या पट्ट्यांत, शेत नांगरतात तसे, एकही पट्टा न चुकवता जायचे. काखेकडचा वरचा भाग सर्वांत सावकाश पाहायचा, कारण जवळपास निम्मे कर्करोग तिथे निघतात. शेवटी हात थोडा खाली आणून काखेच्या खोलात बोटे घालून पाहायची. आडवे होता येत असेल तर अधिक चांगले, विशेषतः स्तन मोठे असतील तर, आणि तेव्हा त्या बाजूच्या खांद्याखाली छोटी उशी किंवा चादरीची घडी ठेवावी. स्तनाच्या खालच्या काठाला जो कडक पट्टा लागतो तो बहुतेकींना असतो, आणि दोन्ही बाजूंना सारखा लागत असेल तर घाबरू नये.

हात लावण्याआधी डोळ्यांनी पाहायचे, हे मात्र पुष्कळ जणी विसरतात. कुंकू लावायच्या छोट्या आरशाचा इथे उपयोग नाही. लोखंडी कपाटाच्या दाराला असतो तसा मोठा आरसा हवा. हात खाली सोडून, मग कमरेवर दाबून, मग डोक्यावर नेऊन आणि शेवटी थोडे पुढे वाकून पाहावे. एखाद्या ठिकाणी त्वचा आत ओढल्यासारखी खळी पडते का, संत्र्याच्या सालीसारखी छिद्रे दिसतात का, पूर्वी बाहेर असलेले स्तनाग्र अलीकडे आत वळले आहे का, त्यावर न भरणारी खपली किंवा खाजरे चट्टे आहेत का, न दाबता एकाच बाजूने रक्ताळलेले पाणी येते का, हे पाहायचे. दोन्ही स्तन तंतोतंत सारखे नसतात, जन्मापासून नसतात, हे आधीच सांगून टाका, नाहीतर दुसऱ्या दिवशी बावीस फोन येतील. पाळी चालू असलेल्या बाईने मी वर सांगितलेला सातवा ते दहावा दिवस धरावा. रोज तपासू नये, कारण रोज पाहणाऱ्याला हळूहळू होणारा बदल दिसत नाही आणि मनाला मात्र चाळा लागतो.

शब्दांविषयी थोडे. तुमच्या गटात मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या जणी असणारच, कदाचित उर्दूही. ‘स्तन’ हा शब्द मी लिहिते आहे, पण हळदीकुंकवात तो उच्चारला की अर्ध्या जणी जमिनीकडे पाहू लागतील. ‘छाती’ म्हणा, ‘अंगावर पाजतो ती जागा’ म्हणा, त्यांच्या भाषेतला त्यांचा शब्द त्यांच्याकडूनच काढून घ्या. तेलुगूत गाठीला ‘गड्ड’ म्हणतात. सोलापूरकरांच्या कानाला तो जानेवारीत भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या ‘गड्डा’ यात्रेच्या नावासारखा ऐकू येतो आणि त्यावर हमखास हसू फुटते. ते हसू येऊ द्या, कारण हसल्यानंतर बायका प्रश्न विचारतात. साडी-पोलक्यावरूनच सगळे दाखवा, कोणालाही कपडे बाजूला करायला लावू नका, आणि भीतिदायक छायाचित्रे मोबाइलवर फिरवू नका. ती पाहून बाई दवाखान्यात येत नाही, लपून बसते.

माझ्या मते तुमच्या कार्यक्रमाचा मोठा भाग यानंतर सुरू व्हावा. गाठ लागली तर दुसऱ्या दिवशी काय करायचे? दहापैकी साधारण आठ गाठी कर्करोगाच्या नसतात, हे आधी सांगा. तरुण मुलीत बोटाखालून गोटीसारखी निसटणारी गाठ बहुधा साधी असते, तरी ती दाखवायची. मूल अंगावर पाजणाऱ्या बाईला दूध साकळून गाठ होते, पण उपचाराने ती दोन आठवड्यांत गेली नाही तर तीही पुन्हा दाखवायची. आणि ‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ हा जो समज तुमच्या जाऊबाईंचे सात महिने खाऊन गेला, तो उलटा आहे. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. गाठीला शेकणे, चोळून मोकळी करणे, पाल्याचा लेप बांधणे यांपैकी काहीही करू नये. सुई लावली की आजार पसरतो ही भीतीही काढून टाका. जाड सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासल्याशिवाय ती कशाची आहे हे नक्की सांगता येत नाही आणि त्या सुईने आजार पसरत नाही. जी बाई सुईला नाही म्हणते ती निदानालाच नाही म्हणत असते.

कुठे जायचे, हेही नावानिशी सांगा. तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीची स्तनतपासणी दर पाच वर्षांनी करण्याचा सरकारी कार्यक्रम आहे आणि आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात, ती विनाशुल्क होते. आशाताई जो अर्ज भरून घेतात त्यात छातीतली गाठ आणि स्तनाग्रातून येणारे रक्त यांविषयी प्रश्न असतात, त्यांना लाजून ‘नाही’ म्हणू नये. हळदीकुंकवाला तुमच्या भागातल्या आशाताईंना बोलवा, वाण त्यांनाही द्या. पुढची तपासणी सिव्हिलमध्ये होईल, आणि कर्करोगच निघाला तर बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय फार लांब नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत या आजाराच्या उपचारांचा समावेश आहे. त्यासाठी रेशनकार्ड आणि आधारकार्ड आजच एका पिशवीत घालून ठेवायला सांगा. त्या दोन कागदांवरून, नावातल्या एका अक्षराच्या फरकावरून, बायकांचे आठवडे वाया गेलेले मी पाहिले आहेत. शिवाय बचत गट हाताशी असताना एक ठराव करून टाका. जिला गाठ लागेल तिच्याबरोबर गटातली एक जण दवाखान्यात जाईल, आणि रिक्षाचे भाडे व बुडालेली त्या दिवसाची मजुरी गटाच्या निधीतून दिली जाईल. माझ्या सगळ्या उत्तरात उपयोगाची गोष्ट कोणती असे विचाराल तर मी टॉवेलऐवजी या ठरावाकडे बोट दाखवीन.

राहता राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी वाद घालू नका, कारण नसलेले दुखणे शोधू नये हे त्यांचे म्हणणे शांघायच्या निष्कर्षाशी बरेच जुळते. त्यांना एवढेच विचारा की थोरल्या सुनेचे दुखणे नसलेले होते का. आणि त्यांना हळदीकुंकवात मागे बसवू नका. वय वाढते तसा या आजाराचा धोका वाढतो, पाळी गेल्यावर तो संपत नाही, त्यामुळे त्या घरातली तपासणी सर्वांत आधी त्यांचीच व्हायला हवी. पाळीचा दिवस मोजायचा प्रश्न त्यांना नाही. महिन्यातला एखादा ठरावीक दिवस त्यांनी धरावा. संकष्टी चतुर्थी धरत असतील तर तीच चालेल, उपवासाच्या दिवशी सकाळची आंघोळ तशीही सावकाश होते. त्यांनी होकार दिला तर तुमच्या तपासणीच्या दिवशी दोघी एकाच रिक्षाने जा.

तुमची,
डॉक्टर ताई